‘तुमची विनंती स्वीकारली आहे’ याच्या पुढचं काम

महिनाअखेर. दोनशे कामगारांच्या एका कारखान्यात पगार विभागातल्या बाई संगणकावर ‘पगारपत्रकं तयार करा’ हे बटण दाबतात. आता प्रत्येकाची हजेरी काढायची, बिनपगारी रजा वजा करायच्या, भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर कापायचा, घेतलेल्या उचलीचा हप्ता वळता करायचा आणि मग पत्रक तयार करून डेटाबेसमध्ये ठेवायचं. माणशी एक सेकंद धरला तरी हे काम तीन मिनिटांच्या वर जातं. तेवढा वेळ बाईंनी ब्राउझरमधल्या फिरत्या चक्राकडे बघत बसायचं का?

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. त्यातून पुढे वेगळ्या झालेल्या पगाराच्या भागात एक छोटीशी अट आहे: कर्मचारी ३० पेक्षा जास्त असतील, तर पत्रकं तिथल्या तिथे करत बसायचं नाही. काम रांगेत टाकायचं, बटण दाबणाऱ्याला तसं सांगून मोकळं करायचं आणि पत्रकं मागच्या बाजूला होऊ द्यायची. वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी अशी अट लिहायची वेळ येते. लिहायला ती सोपी आहे. पण ‘काम होईल’ असं एकदा सांगून टाकलं की ते खरोखर होईल याची हमी कुणीतरी घ्यावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी अर्धवट राहतं ते नेमकं हेच.

मुळात तीन मिनिटांचं काम वेबसाइटला इतकं जड का जातं? पायथनच्या जँगो किंवा फ्लास्क या चौकटींत लिहिलेली साइट बहुतेकदा गनिकॉर्न नावाच्या सर्व्हरवर चालते. गनिकॉर्न हाताखाली काही प्रोसेस बाळगतो. त्यांना वर्कर म्हणतात. ते किती ठेवावेत, याचा त्याच्या दस्तऐवजात दिलेला ठोकताळा असा: प्रोसेसरच्या कोअरची दुप्पट, अधिक एक. चार कोअरचं मशीन असेल तर नऊ वर्कर. नेहमीच्या साध्या पद्धतीत एक वर्कर एका वेळी एकच विनंती हाताळतो. म्हणजे नऊ जणांनी एकाच वेळी तीन-तीन मिनिटांचं काम काढलं, की दहावा माणूस नुसतं लॉगिनचं पान उघडायला आला तरी ताटकळतो. सर्व्हर बंद पडलेला नसतो, प्रोसेसरवरही फारसा ताण नसतो, तरी साइट ‘बसलेली’ असते.

त्यात गनिकॉर्नची मूळ मर्यादा ३० सेकंदांची. तेवढ्या वेळात वर्करची काही हालचाल कळली नाही, तर मुख्य प्रोसेस तो अडकला असं समजून त्याला मारते आणि नवा उभा करते. गनिकॉर्नच्या पुढ्यात बहुधा एनजिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर असतं. ते ६० सेकंद उत्तराची वाट पाहतं आणि मग ५०४ क्रमांकाची चूक दाखवतं. हे आकडे वाढवता येतात आणि घाईत पुष्कळ जण तेच करतात: ३० चे ३००, ६० चे ६००. त्याने दुखणं फक्त लांबतं. पाच मिनिटं कोऱ्या पानासमोर बसलेला माणूस शेवटी पान रिफ्रेश करतो. मागचं काम अजून चालूच असतं आणि तेच काम शेजारी दुसऱ्यांदा सुरू होतं.

पिठाच्या गिरणीत दळण होईपर्यंत कुणी ताटकळत नाही. डबा ठेवायचा, त्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि बाजारातली बाकीची कामं उरकून परत यायचं. गिरणीवाला रांगेतले डबे एकेक करून घेत राहतो. वेबसाइटच्या मागे चालणाऱ्या व्यवस्थेतही हेच घटक असतात: काम सोपवणारा, कामांची रांग, रांगेतून काम उचलणारा आणि कुठलं काम कुणाचं हे सांगणारी चिठ्ठी.

नवशिक्या प्रोग्रामरला मात्र आधी वेगळाच उपाय सुचतो. पायथनमध्ये थ्रेड सुरू करायला दोन ओळी पुरतात. मग वेब वर्करच्या आतच एक थ्रेड सोडायचा आणि उत्तर लगेच पाठवून द्यायचं. स्वतःच्या लॅपटॉपवर हे झकास चालतं. खऱ्या सर्व्हरवर दुपारी नवी आवृत्ती चढवली जाते, जुने वर्कर बंद करून नवे आणले जातात, आणि जुन्यांच्या पोटात चाललेलं काम तिथेच तुटतं. दोनशेपैकी एकशे दहा पत्रकं तयार झालेली असतात. उरलेली नव्वद व्हायची होती, याची कुठे नोंदसुद्धा नसते. शिवाय नेहमीच्या पायथनमध्ये ‘जिल’ नावाचं एक कुलूप आहे. त्यामुळे एका प्रोसेसमध्ये एका क्षणी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो, आणि जड हिशेबाचा थ्रेड त्याच प्रोसेसमधल्या इतर विनंत्यांचा वेग खातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ बरोबर या कुलपाविना चालणारी प्रायोगिक आवृत्ती मिळू लागली, ही चांगली गोष्ट आहे. पण प्रोसेस मेली की काम हरवतं, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

असिंकबद्दलही असाच एक गैरसमज आढळतो. २०१५ च्या पायथन ३.५ पासून असिंक आणि अवेट ही रचना भाषेतच आली, आणि ती वाट पाहण्याच्या कामांसाठी अप्रतिम आहे. दुसऱ्या सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत तीच प्रोसेस शेकडो इतर विनंत्या सांभाळू शकते. पण दोनशे पीडीएफ तयार करणं किंवा दोन लाख ओळींची एक्सेल फाइल वाचणं यात वाट पाहण्यासारखं काही नसतं. तिथे मोजणी असते, आणि ती चालू असेपर्यंत बाकी सगळ्यांना थांबावं लागतं. फास्टएपीआय या पायथनच्याच चौकटीत उत्तर पाठवल्यानंतर एखादं काम करून टाकण्याची सोय आहे. नव्या सदस्याला स्वागताचा ई-मेल पाठवायला ती पुरेशी आहे. मात्र ते कामही त्याच प्रोसेसमध्ये चालतं, आणि जड हिशेबासाठी सेलेरीसारखं मोठं साधन घ्या, असं फास्टएपीआयचे दस्तऐवजच सांगतात.

सेलेरी हे पायथनच्या जगातलं या कामाचं सर्वांत परिचित नाव. आस्क सोलेम यांनी २००९ मध्ये ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. त्यात वेब अ‍ॅप्लिकेशन कामाचा निरोप ‘ब्रोकर’कडे देतं आणि पूर्णपणे वेगळ्या चालणाऱ्या वर्कर प्रोसेस तो तिथून उचलतात. साइट नव्याने सुरू झाली तरी रांग शाबूत राहते. वर्कर हवं तर दुसऱ्याच मशीनवर ठेवता येतात. ब्रोकर म्हणून रॅबिटएमक्यू किंवा रेडिस वापरतात. रॅबिटएमक्यू २००७ मध्ये आलं आणि ते एएमक्यूपी या नियमावलीवर उभं आहे. त्या नियमावलीची सुरुवात २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेत झाली होती, आणि बँकेत निरोप हरवून चालत नाही. रेडिस हे इटलीच्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांचं २००९ मधलं काम. मेमरीत चालणारं, वेगवान आणि बसवायला सोपं असल्यामुळे छोट्या चमूंना ते आधी आठवतं. सेलेरीतल्या सेटिंगांचं जंगल ज्यांना नको, ते आरक्यू घेतात. हे साधन रेडिसवरच चालतं आणि एका दुपारी समजतं. फ्रॅपेनेही आधी सेलेरी वापरलं होतं, नंतर ते आरक्यूवर आले.

ही व्यवस्था किती भार पेलते, याचं उत्तम उदाहरण इन्स्टाग्रामचं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालेली ही साइट जँगोवर उभी होती. वर्षभरात तिचे १ कोटी ४० लाख वापरकर्ते झाले, तेव्हा इंजिनिअर होते तीन. त्या काळात त्यांनी स्वतः दिलेल्या माहितीनुसार गिअरमन नावाच्या रांगेवर पायथनचे सुमारे २०० वर्कर काम करत होते. कुणी फोटो टाकला की त्याला ‘टाकला’ असं ताबडतोब कळायचं. तो फोटो प्रत्येक फॉलोअरच्या यादीत पोहोचवणं, ट्विटर आणि फेसबुकवर पाठवणं हे सगळं मागे चालायचं. पुढे त्यांनी गिअरमन सोडून सेलेरी आणि रॅबिटएमक्यू घेतलं. २०१३ च्या पायकॉन परिषदेत इन्स्टाग्रामच्या रिक ब्रॅन्सन यांनी या बदलाची हकिगत सांगितली. तिच्यातला एक मुद्दा कुठल्याही आकाराच्या साइटला लागू पडतो. लाखो फॉलोअर असलेल्या माणसाचा फोटो एकाच लांबलचक कामात वाटला जात नव्हता. दहा हजार फॉलोअरचा एक तुकडा, तो संपला की त्याच कामाने पुढच्या तुकड्याचं काम रांगेत टाकायचं, अशी साखळी होती. त्यामुळे मध्येच वर्कर बंद पडला तर नुकसान एका तुकड्यापुरतं, आणि इतरांच्या छोट्या कामांनाही अधूनमधून वाट मिळते. तासभर चालणारं एकच काम लिहिण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाची शंभर-सव्वाशे कामं लिहिणं केव्हाही शहाणपणाचं.

खरी परीक्षा मात्र वर्कर मेल्यावर होते. आणि वर्कर मरतातच: मेमरी संपली की लिनक्स प्रोसेस मारतो, मशीन रीस्टार्ट होतं, नेटवर्क तुटतं.

सेलेरीची मूळ वागणूक अशी, की काम हाती घेतानाच वर्कर ब्रोकरला ‘पोहोचलं’ अशी पावती देतो. मग अर्ध्यात तो मेला तर ते काम गेलं. रांगेतून ते आधीच काढलेलं असतं. ही पावती काम संपल्यावर द्यावी, असं सेटिंग आहे. काम करणारी प्रोसेस अचानक मारली गेली तर काम रांगेत परत जावं, यासाठी आणखी एक सेटिंग लागतं, आणि ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पण ही दोन्ही लावली की उलट धोका उभा राहतो. काम जवळपास पूर्ण झालं, पावती द्यायच्या क्षणी वर्कर गेला, तर तेच काम दुसरा वर्कर पहिल्यापासून करतो. म्हणजे एक तर काम कधीमधी हरवेल हे मान्य करायचं किंवा ते कधीमधी दोनदा होईल हे. नेमकं एकदाच होण्याची हमी रांग देत नाही. ती कामाच्या कोडमध्येच बांधावी लागते.

बांधायची कशी? पगारपत्रकाच्या बाबतीत कर्मचारी आणि महिना यांची जोडी डेटाबेसमध्ये एकदाच येऊ शकेल असा नियम घालायचा. मग काम कितीदा चाललं तरी दुसरं पत्रक तयारच होत नाही. ई-मेलच्या बाबतीत ‘पाठवला’ ही वेळ नोंदवायची आणि पाठवण्याआधी ती तपासायची. पैशांच्या बाबतीत प्रत्येक व्यवहाराला आपल्या बाजूने एक खूण द्यायची आणि पुन्हा प्रयत्न करताना तीच खूण पाठवायची. स्ट्राइप ही पैसे भरण्याची सेवा अशी खूण स्वीकारते आणि तीच खूण पुन्हा आली तर नवा व्यवहार न करता पहिल्या वेळचं उत्तर परत देते. स्वागताचा ई-मेल दोनदा गेला तर कुणी रागावणार नाही. खात्यातून हप्ता दोनदा कापला गेला तर ज्याचा महिना त्या पैशांवर चालतो त्याला ते भोगावं लागतं. म्हणून ही काळजी घेण्यात हयगय नको.

रेडिस वापरणाऱ्यांसाठी एक वेगळा खड्डा आहे. सेलेरी रेडिसवर चालत असेल तर घेतलेल्या कामाची पावती एका तासात आली नाही, की ते काम हरवलं असं समजून दुसऱ्या वर्करला दिलं जातं. सकाळी दहा वाजता ‘संध्याकाळी सहाला एसएमएस पाठव’ असं काम टाकलं, तर ते सहापर्यंत पावतीविना वर्करकडे पडून राहतं आणि दर तासाला पुन्हा वाटलं जातं. सहा वाजता एकाच माणसाला तोच एसएमएस अनेकदा पोहोचू शकतो. सेलेरीचे दस्तऐवज हा इशारा स्पष्ट देतात. लांबच्या वेळेची कामं डेटाबेसच्या तक्त्यात वेळेसकट ठेवावीत आणि दर काही मिनिटांनी बघून वेळ झालेली तेवढीच रांगेत टाकावीत, हे बरं. वेळापत्रकाबद्दल आणखी एक: सेलेरीचं घड्याळ मुळात यूटीसीवर असतं. सेटिंग बदललं नाही तर रात्री बाराचं काम भारतात पहाटे साडेपाचला होतं.

काही चुका तर इतक्या वेळा होतात की नव्या माणसाला त्या पहिल्याच आठवड्यात सांगायला हव्यात. ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहिली आणि लगेच तिचं काम रांगेत टाकलं. पण ते लिखाण अजून पक्कं झालेलं नसतं आणि वर्कर इतका चपळ असतो की तो शोधायला जातो तेव्हा ऑर्डर सापडतच नाही. त्यासाठी, लिखाण पक्कं झाल्यावरच काम रांगेत टाकण्याची सोय जँगोमध्ये डिसेंबर २०१५ च्या १.९ आवृत्तीपासून आहे. कामाबरोबर ऑर्डरची सगळी माहिती पाठवू नये, फक्त क्रमांक पाठवावा. रांगेत अर्धा तास पडून राहिलेली माहिती शिळी झालेली असू शकते. आणि प्रत्येक कामाला वेळेची मर्यादा असावी. दुसऱ्याच्या सर्व्हरने उत्तर दिलं नाही म्हणून एक वर्कर अनंतकाळ थांबला, तर महिनाभरात सगळे वर्कर असेच थांबलेले सापडतात.

एकच रांग ठेवली तर काय होतं, याचा अनुभव भारतातल्या प्रत्येक मोबाइलधारकाने घेतलेला आहे. ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते. तो पाठवायचं काम दहा हजार पीडीएफ तयार करण्याच्या कामांमागे अडकलं, तर मुदत संपल्यावर हाती येणाऱ्या ओटीपीचा काहीच उपयोग नसतो. म्हणून फ्रॅपेच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटी, नेहमीची आणि लांब अशा तीन रांगा आहेत. पहिल्या दोन्हींत एका कामाला ३०० सेकंद मिळतात, लांबच्या रांगेत १,५०० सेकंद म्हणजे पंचवीस मिनिटं. प्रत्येक रांगेला आपापले वर्कर देता येतात, त्यामुळे लांबच्या रांगेत कितीही गर्दी झाली तरी छोटी रांग वाहती राहते. सेलेरीत रांगा वेगळ्या केल्या तरी एक गोष्ट तपासावी लागते. वर्करची प्रत्येक प्रोसेस मुळात चार-चार कामं आधीच आपल्याकडे ओढून ठेवते. पहिलं काम वीस मिनिटांचं निघालं तर उरलेली तीन त्याच्यामागे अडकतात, शेजारचा वर्कर मोकळा असला तरी. लांब कामांच्या वर्करसाठी हा आकडा एकवर आणलेला बरा.

आता बटण दाबणाऱ्या माणसाकडे येऊ. वेबच्या नियमांत २०२ क्रमांकाचं उत्तर खास यासाठीच आहे: विनंती स्वीकारली, काम अजून व्हायचंय. त्या उत्तराबरोबर कामाचा क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकावरून कधीही स्थिती विचारता यावी अशी सोय ठेवायची. ईआरपीनेक्स्टमध्ये जड अहवाल मागे तयार होतो, तयार झाला की सूचना येते आणि नंतर तो पुन्हा उघडता येतो; चाललेलं काम किती झालं हे पट्टीवर दिसतं. याउलट ‘तुमची विनंती स्वीकारली आहे’ एवढंच सांगून गप्प बसणाऱ्या साइट ढीगभर आहेत. ना क्रमांक, ना स्थिती, ना काम फसल्याची सूचना. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा विद्यार्थी किंवा दाखल्यासाठी अर्ज केलेला शेतकरी अशा वाक्यावर विश्वास ठेवून निघून जातो, आणि काम झालंच नाही हे त्याला शेवटची तारीख उलटल्यावर कळतं. हळू चालणारी साइट त्रास देते; मुकाट्याने काम टाकून देणारी साइट माणसाचं नुकसान करते. म्हणून फसलेली कामं वेगळी साठवून ठेवणं, त्यांची रोज कुणीतरी दखल घेणं आणि रांगेतलं सर्वांत जुनं काम किती वेळ पडून आहे यावर नजर ठेवणं, याला मागून करायची सजावट समजू नये. सेलेरीसाठी फ्लॉवर नावाचा फलक तयार मिळतो. आरक्यूसाठीही असे फलक आहेत.

हे सगळं वाचून छोट्या साइटचा मालक घाबरून जाईल, पण त्याला यातलं बरंचसं लागणारच नाही. दिवसाला काही हजार कामं असतील तर वेगळा ब्रोकर न आणता असलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्येच रांगेचा तक्ता ठेवता येतो. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ९.५ पासून, दुसऱ्या वर्करने धरलेल्या ओळी सोडून पुढची मोकळी ओळ उचलण्याची सोय आहे. त्यामुळे दोन वर्कर एकाच कामावर आदळत नाहीत. शिवाय ऑर्डर आणि तिचं काम एकाच व्यवहारात लिहिली जातात, त्यामुळे एक आहे आणि दुसरं नाही असं होत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या जँगो ६.० ने तर पार्श्वभूमीतली कामं मांडण्याची एक ठरावीक पद्धत जँगोमध्येच आणली. कामं प्रत्यक्ष चालवणारा वर्कर त्यात नाही. तो बाहेरून जोडावा लागतो. तरी उद्या साधन बदललं तर सगळा कोड पुन्हा लिहावा लागणार नाही, आणि जँगोच्या वीस वर्षांच्या इतिहासात राहिलेली एक मोठी उणीव यामुळे भरून निघाली.

साधन कुठलंही निवडा, ते लोकांसमोर आणण्याआधी एक चाचणी जरूर करा. हजार ओळींचं काम रांगेत टाका. ते निम्म्यावर आलं की वर्कर विनासूचना मारून टाका, पुन्हा सुरू करा आणि शेवटी निकाल मोजा. हजारापेक्षा एक कमी भरला तर काम हरवतंय, एक जास्त भरला तर दोनदा होतंय, आणि दोन्ही बाबतींत साइट अजून लोकांच्या हाती द्यायच्या लायकीची झालेली नाही.